हलवून खुंटा बळकट?

‘हलवून खुंटा बळकट करणे’ हा वाक्प्रचार आणि संस्कृतातील स्थूणानिखननन्याय यांचा आशय एकच आहे: रोवलेला खांब हलवून पाहावयाचा व पुन्हा ठोकावयाचा. परंतु हा अनुभव जमिनीचा होय, भिंतीचा नव्हे. ठोकल्याने माती दाबली जाऊन घट्ट बसते. जुन्या वीटबांधणीतील चुन्याचा मात्र भुगा होतो व भोक रुंदावते. आमच्या विभागातील पोथ्यांची फळी अशा वारंवार ठोकण्यानेच निखळली. (पोथ्या वाचल्या; येथे ‘वाचणे’ अकर्मक समजावे.)

फळीच्या भाराने आधाराचा वरचा स्क्रू बाहेर ओढला जातो, खालची बाजू भिंतीवर दाबली जाते. म्हणून प्रथम सैल होतो तो वरचाच. तेथील भुगा खरवडून काढावा, भोक ओले करावे आणि चुनावाळूच्या मिश्रणात विटेचे तुकडे दाबून ते बुजवावे. सिमेंटचा मोह टाळावा. ते जुन्या विटेहून कठीण असल्याने पुढे ताण आला की वीटच फुटते. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश घट्ट होतो. बुजविलेल्या जागेवर पुन्हा भार देऊ नये. नवे भोक सांध्यात न घेता धड विटेच्या मध्यभागी, आघात न करता, फिरत्या सामत्याने पाडावे.