जुनी प्रश्नपत्रिका कोणाची?

दहावीचा पेपर सुटला की तासाभरात त्याचे फोटो ग्रुपवर फिरू लागतात. पुढच्या वर्षी तेच प्रश्न कुणीतरी उत्साही सर मोफत नोट्समध्ये घालतात. कॉपीराइटच्या हक्काचा विषय निघालाच, तर ठरावीक उत्तरे मिळतात.

‘पेपर म्हणजे सरकारी कागद. त्यावर कसला हक्क?’

हा वाद शंभर वर्षांपूर्वीच होऊन गेला. १९१६ मध्ये लंडन विद्यापीठाच्या मॅट्रिकच्या प्रश्नपत्रिका एका खासगी प्रकाशकाने छापल्या, तेव्हा न्यायालयाने गणिताच्या प्रश्नपत्रिकांनाही ‘साहित्यकृती’ मानले. साहित्यिक गुणवत्तेचा इथे प्रश्नच नव्हता. प्रश्न निवडण्यात आणि मांडण्यात परीक्षकांची स्वतःची बुद्धी लागली होती, एवढे पुरेसे ठरले. आपल्याकडे पाटणा आणि अलाहाबाद उच्च न्यायालयांनी १९६० च्या दशकात हीच दिशा धरली. लंडनच्या त्या खटल्यात मूळ हक्क विद्यापीठाचा नव्हे, तर पेपर काढणाऱ्यांचा ठरला होता, कारण ते विद्यापीठाचे नोकर नव्हते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मात्र पुढे दुरुस्ती झाली आणि कायद्याने स्थापन झालेल्या संस्थेच्या देखरेखीखाली तयार झालेल्या कृतीचा हक्क, वेगळा करार नसल्यास, त्या संस्थेकडे जाऊ लागला. मुदत साठ वर्षे. अशा संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केलेला पेपर २०७५ संपेपर्यंत तिचाच राहतो.

‘संकेतस्थळावर टाकलाय, म्हणजे सगळ्यांचा’

नाही. वाचायला खुला असणे वेगळे आणि पुन्हा छापायला खुला असणे वेगळे. कायदे, राजपत्र, न्यायनिवाडे यांना कायद्याने सवलत दिली आहे. त्या यादीत प्रश्नपत्रिका नाहीत. पेपरवर © ची खूण नसली किंवा नोंदणी झालेली नसली, तरी हक्क असतोच.

‘मी पैसे घेत नाही’

सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत लंगडा बचाव हाच. परवानगीविना प्रती वाटणे हेच उल्लंघन, मग किंमत शून्य का असेना. पैशाचा फरक पडतो तो शिक्षेत: एरवी किमान सहा महिने कैद आणि पन्नास हजार रुपये दंड आहे, पण व्यापारी लाभाचा हेतू नसेल तर न्यायालय त्याहून कमी शिक्षा देऊ शकते. मोफतपणाचे मोल कायद्याच्या लेखी एवढेच.

‘शिक्षकांना सगळी सूट असते’

सूट आहे आणि ती लहान नाही. शिकवण्याच्या ओघात शिक्षक किंवा विद्यार्थ्याने काढलेली प्रत कलम ५२ खाली चालते. दिल्ली विद्यापीठातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिजसारखे प्रकाशक न्यायालयात गेले, तेव्हा २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘शिकवण्याचा ओघ’ वर्गाच्या चार भिंतींपुरता ठेवला नाही. पण तो खटला ठरावीक अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्यांसाठी बांधलेल्या संचांचा होता. टेलिग्रामवर हजारो अनोळखी लोकांना पाठवलेली पीडीएफ त्यात आपोआप बसेल, असे गृहीत धरणे मला धाडसाचे वाटते.

‘मग जुन्या प्रश्नांना हातच लावायचा नाही’

ही भीती मात्र अनाठायी आहे, आणि तिच्यामुळे चांगल्या शिक्षकांचे हात बांधले जातात. जम्मू-काश्मीर बोर्डाच्या अकरावीच्या गणिताच्या पुस्तकातले प्रश्न घेऊन एका प्रकाशकाने गाईड काढले होते. मूळ पुस्तकात फक्त अंतिम उत्तरे. गाईडमध्ये पायरी-पायरीने सोडवणूक. मूळ पुस्तकाची प्रकाशक म्हणून ऑक्सफर्डने दावा लावला. २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गाईडच्या बाजूने कौल दिला: गणिताचा प्रश्न मांडण्याच्या रीती मुळातच मोजक्या आणि सोडवणुकीमुळे गाईडचा हेतूच निराळा. म्हणून नोट्स काढणाऱ्याने सगळा पेपर स्कॅन करून चिकटवण्याऐवजी लागतील तेवढेच प्रश्न घ्यावेत, वर्ष आणि परीक्षा नोंदवावी आणि आपले बळ उत्तरांवर खर्च करावे. प्रत्येक प्रश्न कोणत्या घटकावर, किती गुणांना, कितीदा आला याचा तक्ता तर बेलाशक करावा. ती निव्वळ माहिती आहे. माहितीवर कोणाचा हक्क नसतो.

भाषेच्या पेपरात मात्र जपावे. त्यातला उतारा किंवा कविता बहुधा तिसऱ्याच कुणाची असते. परीक्षेत ती विचारण्याची मुभा कायद्याने दिली आहे, आपल्या पुस्तिकेत छापण्याची दिलेली नाही. तिथे उताऱ्याचे नाव, पाठ्यपुस्तकाचा पान क्रमांक आणि खाली आपली उत्तरे द्यावीत. उतारा मुले पुस्तकातूनच वाचतील.