गाडीखालचा तेलाचा डाग : वॉरंटी संपण्याआधी जागे व्हा!

नवी गाडी दारात आली की पूजा होते, पेढे वाटले जातात. महिनाभर घरातले सारे जण हौसेने फडके घेऊन तिच्या काचा पुसतात. पुढे वर्ष-दीड वर्ष उलटते आणि एके सकाळी गाडी बाहेर काढल्यावर फरशीवर रुपयाएवढा तेलाचा डाग दिसतो. कुणीतरी तो साबणाने घासून काढते, कुणी म्हणते, ‘पुढच्या सर्व्हिसिंगला दाखवू.’ तोवर वॉरंटीची मुदत सरते आणि फुकट व्हायचे काम खिशातून करावे लागते.

हा डाग गिअरबॉक्सच्या तेलाचा असेल तर दिरंगाई फारच महागात पडते. इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचते ती गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि अ‍ॅक्सल यांच्यामार्फत. त्यांतील दाते आणि बेअरिंग तेलातच फिरतात. हे तेल जळून कमी होत नाही. ते कमी झाले, याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. पण इंजिन ऑइलप्रमाणे याचा दिवा बहुतेक गाड्यांत लागत नाही. बहुधा दोष असतो तो अ‍ॅक्सल जिथे गिअरबॉक्समध्ये शिरतो तेथील रबरी ऑइल सीलचा. हे सील स्वस्त असते. मात्र तेलाविना गाडी पळवली तर संपूर्ण गिअरबॉक्स उघडण्याची वेळ येते.

डाग ओळखा

रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा ठेवा. सकाळी डाग कुठे पडला आणि कोणत्या रंगाचा आहे ते पाहा. नुसते पाणी असेल तर चिंता नको. एसी चालवल्यावर ते पडतेच. हिरवा किंवा गुलाबी पातळ द्रव बहुधा कूलंटचा असतो, तपकिरी-काळे तेल इंजिनाचे. गिअर ऑइल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. ऑटोमॅटिक गाडीतील तेल बहुधा लालसर असते. चाकाच्या आतल्या बाजूला काळे ग्रीस उडालेले दिसले, तर अ‍ॅक्सलच्या सांध्यावरचे रबरी बूट फाटले आहे असे समजावे. डागाचा आणि मीटरवरील किलोमीटरचा फोटो काढून ठेवा.

तोंडी तक्रार नको

आता अधिकृत सेवा केंद्र गाठा. बहुतेक कंपन्यांची वॉरंटी देशभर चालते, त्यामुळे गाडी पुण्याला घेतली आणि बदली इंदूरला झाली तरी अडत नाही. काउंटरवर ‘जरा बघा हो’ म्हणून सोडू नका. ‘गिअरबॉक्सखाली तेल गळते’ हे वाक्य जॉब कार्डवर लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा. मुदत संपायला चार दिवस उरले असोत वा चार महिने, तक्रार मुदतीत केली याचा पुरावा म्हणजे हेच कार्ड.

पुष्कळदा उत्तर मिळते, ‘थोडा पाझर आहे, एवढे चालायचेच.’ अशा वेळी भांडू नका. गाडी लिफ्टवर चढवून ती जागा पुसायला सांगा, थोडे अंतर चालवून पुन्हा पाहायला सांगा. पुन्हा ओल आली तर ती डोळ्यांनाच दिसते. तरीही ‘चालेल’ म्हणत असतील तर तसे जॉब कार्डवर लिहून मागा. लिहायची वेळ आली की पुष्कळांचे मत बदलते!

‘हे वॉरंटीत बसत नाही’

खरेच बसत नाही का, हे वॉरंटीच्या पुस्तिकेत वाचा. ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपर असे झिजणारे भाग सहसा वगळलेले असतात. ऑइल सील त्या यादीत आहे का, ते शोधा. नसेल तर नकाराचे कारण लेखी मागा आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला ई-मेल करा. सर्व्हिसिंग वेळेवर केल्याच्या पावत्या जवळ असाव्यात, कारण नकाराचे पहिले बोट तिकडेच दाखवले जाते.

मात्र गतिरोधकावर किंवा दगडावर गाडी खालून आपटली असेल, तर तो उत्पादनातील दोष नव्हे. तेथे विम्याकडे जावे. तेल गळत असताना गाडी तशीच दामटली, तर वॉरंटी आणि विमा दोन्हीकडून नकार येऊ शकतो.

काम झाल्यावर कोणता भाग बदलला आणि किती तेल भरले, हे बिलावर लिहून घ्या, मग ते बिल शून्य रुपयांचे का असेना. आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा पुठ्ठा ठेवून पाहा. गळती परतली तर नव्या जॉब कार्डवर ‘तीच तक्रार पुन्हा’ असे नोंदवा.

दाद कुठे मागाल?

एवढ्यानेही भागले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. त्यापुढची पायरी म्हणजे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार आपण जेथे राहता किंवा नोकरी-व्यवसाय करता तेथेच तक्रार दाखल करता येते. वकील बंधनकारक नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. गाडीसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, दहा लाखांपर्यंत २०० रुपये आणि वीस लाखांपर्यंत ४०० रुपये. गरज भासल्यास आयोग तज्ज्ञ तपासणीही करवू शकतो.

मागणी मात्र रास्त असावी. क्लचच्या दोषासंबंधीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये स्पष्ट केले की, वॉरंटीत सदोष भाग बदलून देण्याची हमी असेल तर त्यावरून संपूर्ण गाडी बदलून मागता येत नाही. तेव्हा नव्या गाडीचा हट्ट नको. नवे सील, पुरेसे तेल आणि गळतीमुळे बिघडलेल्या भागाची दुरुस्ती, एवढे ठामपणे मागा.

आज घरी गेल्यावर एक काम कराच. वॉरंटीचे कार्ड काढून शेवटची तारीख आणि किलोमीटरची मर्यादा पाहा. यांपैकी जे आधी येईल तेथे मुदत संपते. त्याआधी महिनाभर कॅलेंडरवर खूण करा आणि त्या दिवशी गाडी लिफ्टवर चढवून खालून तपासून घ्या.