पहिली आवृत्ती

शिरूर घोड नदीच्या काठी वसलेले आहे, तर दौंड भीमेच्या काठी. एक पुणे-नगर रस्त्यावरचे गाव, दुसरे लोहमार्गाचे मोठे जंक्शन. दोन्ही तालुक्याची ठिकाणे असल्यामुळे तेथे शाळा आहेत, कचेऱ्या आहेत, वाचनालये आहेत; आणि जेथे वाचणारी माणसे असतात, तेथे रद्दीचे दुकानही असतेच. दिवाळीपूर्वी घरे झाडली जातात, माळ्यावरची जुनी पेटी खाली उतरते आणि तीतील पुस्तके गोणीत भरून दुकानदाराच्या काट्यावर जातात. काट्याला अक्षरओळख नसते. त्याला गेल्या वर्षीचे वेळापत्रक आणि शंभर वर्षांपूर्वीचे मासिक ही दोन्ही सारखीच. दोन्ही किलोच्या भावाने मोजली जातात, आणि तेथून ती कागदाच्या लगद्यासाठी रवाना होतात.

परंतु काही माणसे याच ढिगापाशी तासन्‌तास बसून एकेक पुस्तक उघडून पाहतात. त्यांची नजर कथेवर नसते. ती प्रथम मुखपृष्ठामागचे पान उलटतात आणि तेथे बारीक अक्षरांत छापलेला मजकूर वाचतात. त्या पानावर प्रकाशकाचे नाव, छापखान्याचे नाव, किंमत आणि आवृत्ती यांची नोंद असते. तेथे 'प्रथमावृत्ती' हा शब्द दिसला की संग्राहकाचा चेहरा उजळतो. मराठी पुस्तकांत हे पान वाचणे ही एक गंमतच आहे. पूर्वीचे प्रकाशक इंग्रजी तारीख घालतीलच असा नेम नसे. 'गुढीपाडवा, शके १८७५' किंवा 'विजयादशमी, शके १८८०' अशी नोंद ते करीत. शकाच्या आकड्यात अठ्ठ्याहत्तर मिळविले म्हणजे इसवी सन मिळतो. म्हणून शके १८७५ चा गुढीपाडवा म्हणजे १९५३ सालचा. पौष, माघ किंवा फाल्गुन यांतील तिथी असेल, तर मात्र बहुधा एकोणऐंशी मिळवावे लागतात, कारण तोवर इंग्रजी वर्ष बदललेले असते.

पुस्तक पहिल्याने छापून लोकांपुढे येते, ती त्याची पहिली आवृत्ती. पुढे तेच पुस्तक दहा वेळा निघाले, अधिक चांगल्या कागदावर निघाले, सुबक चित्रांनी सजले, तरी पहिल्या आवृत्तीचा मान त्यास मिळत नाही. असे का व्हावे? वाचावयाचे तर नवे पुस्तकच सोयीचे! हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर छापखान्यात सापडते.

पूर्वी पुस्तके खिळ्यांनी छापली जात. खिळा म्हणजे शिशाच्या मिश्रधातूचा लहानसा ठोकळा. त्याच्या माथ्यावर उलटे अक्षर कोरल्यासारखे उठून आलेले असे. जुळारी लेखकाचे हस्तलिखित समोर ठेवी आणि खणाखणांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवी. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीला शेकडो प्रकारचे खिळे लागत. मजकूर जुळला की त्यावर शाई फिरवून एक कच्चा छाप काढीत. यालाच मुद्रित किंवा प्रूफ असे म्हणतात. लेखक किंवा मुद्रितशोधक ते डोळ्यांत तेल घालून वाची, चुकलेल्या अक्षरावर रेघ मारी, समासात खूण करी. त्याबरहुकूम दुरुस्ती झाली की मग खरी छपाई सुरू होई. छपाई संपताच पाने मोडून खिळे पुन्हा आपापल्या खणांत टाकले जात, कारण कोणत्याही छापखान्यापाशी खिळ्यांचा साठा मोजकाच असे. त्यामुळे दुसरी आवृत्ती काढावयाची, तर सारे पुस्तक पुष्कळदा पुन्हा पहिल्या ओळीपासून जुळवावे लागे. अशा वेळी जुन्या चुका जात आणि नव्या शिरत. लेखकही एखादे वाक्य गाळी, एखादा प्रसंग बदली. म्हणजे लेखकाने ग्रंथ प्रथम कोणत्या रूपात जगापुढे ठेवला, हे फक्त पहिली आवृत्तीच सांगू शकते. आणि छापण्यापूर्वी त्याच्या मनात काय चालले होते, हे मुद्रित सांगते.

मुद्रिताचे मोल जाणावयाचे असेल, तर फार दूर जावे लागत नाही. पुण्याहून दौंडला आगगाडीने जाताना केडगाव नावाचे स्थानक लागते. ते दौंड तालुक्यातच आहे. तेथे पंडिता रमाबाईंनी निराधार स्त्रिया व मुली यांच्यासाठी मुक्तिसदन वसविले आणि त्यात छापखाना चालविला. खिळे जुळविण्यापासून पुस्तके बांधण्यापर्यंतची कामे तेथील मुली आणि स्त्रिया शिकल्या. ज्या काळी मुलीने पाटी हाती धरणे हेही अनेकांना रुचत नसे, त्या काळी केडगावात मुली छापखाना चालवीत होत्या! रमाबाई संस्कृताच्या पंडिता होत्या. तरीही उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या भाषांचा अभ्यास केला आणि खेड्यातील साध्या माणसाला समजेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. या कामी त्यांची अनेक वर्षे खर्ची पडली. प्रकृती खालावत होती, तरी मुद्रिते तपासण्याचे काम त्यांनी सोडले नाही. ते हातावेगळे झाले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली. छापलेला ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. तो पाहणे त्यांच्या भाग्यी नव्हते. त्यांच्या नजरेखालून गेली ती मुद्रितेच.

एवढे असूनही मुद्रिते सहसा टिकत नाहीत. काम झाले की छापखान्यात ती हात पुसावयास किंवा पुडी बांधावयास वापरली जात. म्हणून एखाद्या नामांकित ग्रंथाचे मुद्रित हाती लागले, तर संग्राहक त्यास पहिल्या आवृत्तीहूनही जपतो.

आता अद्भुतकथा आणि विज्ञानकथा यांच्या पहिल्या आवृत्त्या विशेष दुर्मीळ का होतात, ते पाहू. कायद्याची पुस्तके कपाटात राहतात. अद्भुतकथा मुलांच्या हाती जातात. मुले त्या वाचतात, मित्रांना देतात, जेवताना वाचतात, पांघरुणात घेऊन वाचतात. पुस्तकाचा शिवणदोरा सुटतो, मुखपृष्ठ जाते, शेवटचे पान हरवते. ज्या पुस्तकावर वाचकांनी अधिक प्रेम केले, त्याच्याच धड प्रती कमी उरतात, असा हा उलटा न्याय आहे.

इंग्रजीतील 'ॲलिस इन वंडरलँड' हे पुस्तक बहुतेकांना ठाऊक आहे. १८६५ साली त्याच्या दोन हजार प्रती छापून झाल्या. परंतु चित्रकार जॉन टेनिअल यांना चित्रांची छपाई पसंत पडली नाही. लेखक लुईस कॅरल यांनी ती आवृत्ती मागे घेतली, मित्रांना दिलेल्या प्रतीही परत मागितल्या आणि परत आलेल्या प्रती इस्पितळांतील मुलांना वाटून टाकल्या. त्या पहिल्या छपाईच्या प्रतींपैकी आज सुमारे वीस-बावीसच प्रती जगात उरल्या आहेत.

लुईस कॅरल यांचे खरे नाव चार्ल्स डॉज्‌सन. या नावाने पुढे आणखी एक गंमत केली. २१ सप्टेंबर १९३७ रोजी टॉल्किन यांची 'द हॉबिट' ही अद्भुतकथा दीड हजार प्रतींनिशी प्रसिद्ध झाली. तिच्या वेष्टनावर डॉज्‌सन यांचा उल्लेख होता, पण त्या नावात एक अक्षर जादा पडले. चूक ध्यानात आली तेव्हा वेष्टने छापून झाली होती. मग ते अक्षर शाईने हातानेच खोडण्यात आले! आज संग्राहक ती शाईची रेघ भिंग लावून पाहतात. याच पुस्तकाचा आणखी एक विशेष आहे. पहिल्या आवृत्तीत गॉलम नावाचा प्राणी कोड्यांच्या खेळात आपली अंगठी स्वखुशीने पणास लावतो. पुढे टॉल्किन यांनी त्या अंगठीवरच एक मोठी कथा रचली आणि तिच्याशी मेळ बसावा म्हणून १९५१ च्या आवृत्तीत तो सारा प्रसंग बदलला. जुना प्रसंग त्याच्या मूळ छपाईत पाहावयाचा, तर जुनी प्रतच शोधावी लागते.

अलीकडचे उदाहरण हॅरी पॉटरचे. १९९७ साली त्याचा पहिला भाग निघाला, तेव्हा लेखिका जे. के. रोलिंग यांचे नाव कोणास ठाऊक नव्हते. पुठ्ठ्याच्या बांधणीच्या अवघ्या पाचशे प्रती छापल्या गेल्या आणि त्यांतील पुष्कळशा ग्रंथालयांत गेल्या. त्यापूर्वी काढलेल्या मुद्रित-प्रतींत तर लेखिकेचे नाव 'जे. ए. रोलिंग' असे चुकीचे पडले होते. पहिल्या छपाईत, विद्यार्थ्याने शाळेत आणावयाच्या सामानाच्या यादीत 'एक जादूची छडी' ही नोंद दोनदा आली आहे. इतर पुस्तकांत अशा चुका दोष मानल्या जातात. येथे त्याच पहिल्या छपाईची ओळख ठरल्या.

मराठीतही या कथांना शंभर वर्षांहून अधिक इतिहास आहे. कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी कोचीन येथे सुरू केलेल्या 'केरळ कोकिळ' या मासिकात १९०० साली 'चंद्रलोकची सफर' ही कथा आली. ती ज्यूल व्हर्न या फ्रेंच लेखकाच्या कादंबरीवरून घेतलेली होती. माणूस प्रत्यक्ष चंद्रावर उतरला तो १९६९ मध्ये. मराठी वाचक तेथे एकोणसत्तर वर्षे आधी जाऊन आला होता! पुढे 'फास्टर फेणे'चे लेखक भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या कथा मुलांसाठी मराठीत आणल्या. अनंत अंतरकर यांच्या 'नवल' मासिकाने अद्भुत आणि गूढ कथांना हक्काची जागा दिली. यांतील कितीतरी मजकूर मासिकांत आणि दिवाळी अंकांतच पहिल्याने छापला गेला. म्हणून मराठी विज्ञानकथेच्या संग्राहकाने केवळ पुस्तके शोधून भागत नाही. कथेचे पहिले दर्शन पुष्कळदा अंकात घडते आणि अंक तर सर्वांआधी रद्दीत जातात. निरंजन घाटे यांच्यासारखे विज्ञानलेखक रद्दीची दुकाने आणि पदपथावरचे ढीग चाळून ग्रंथ जमवीत, ते उगीच नव्हे.

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा घेतली. तीत 'कृष्णविवर' या कथेस पहिले पारितोषिक मिळाले. कथेवर लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हा लेखक कोणाच्याच ओळखीचा नव्हता, आणि तो असणार तरी कसा? जगविख्यात खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर यांनी आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून ते नाव तयार केले होते. ज, वि, ना यांचे झाले ना, वि, ज. आपल्या कीर्तीकडे पाहून परीक्षकांनी निर्णय देऊ नये, ही त्यांची इच्छा. हस्ताक्षरावरूनही कोणी ओळखू नये म्हणून त्यांनी ती कथा पत्नी मंगलाबाईंकडून लिहवून घेतली. म्हणजे हे हस्तलिखित असे, की त्यावर नाव लेखकाचे नाही आणि अक्षरही त्याचे नाही! नुसते अक्षर व सही पाहणारा संग्राहक येथे फसला असता. पुढे १९७९ मध्ये मौज प्रकाशनाने नारळीकरांच्या कथांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या पहिल्या आवृत्तीची स्वच्छ प्रत आज मराठी संग्राहकाला हवीहवीशी वाटते.

जुने पुस्तक मिळविण्याहून ते टिकविणे अवघड. पावसाळ्यातील दमट हवेने पानांवर तपकिरी ठिपके पडतात, कसर लागते, आणि भिंतीला टेकलेल्या कपाटात वाळवी शिरते. उन्हाळ्यात शिरूर-दौंडकडील कोरड्या हवेत जुना कागद कडक होतो व घडीवर तुटतो. फाटलेल्या पानास चिकटपट्टी लावणे, हा तर पुस्तकावर केलेला अत्याचारच. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि सोबत अक्षरेही उचलते. नव्या बांधणीचा मोहही आवरावा लागतो. वाचनालयातील पुस्तके वरचेवर हाताळली जातात, म्हणून त्यांना जाड पुठ्ठा घालणे भागच असते. परंतु बांधणारा कडा कापतो आणि मूळ मुखपृष्ठ फेकतो, तेव्हा पुस्तकाची जन्मखूणच जाते. पुस्तक उभे ठेवावे, उन्हापासून दूर ठेवावे, आणि त्यावर काही लिहावयाचेच असेल, तर मऊ पेन्सिलीने लिहावे.

राहता राहिली लेखकाची सही. नुसती सही, 'सप्रेम भेट' असे लिहून केलेली सही आणि ज्याच्याविषयी ग्रंथात लिहिले आहे, त्याच व्यक्तीस भेट दिलेली प्रत, अशा चढत्या पायऱ्या संग्राहक मानतात. खोट्या सह्याही पुष्कळ असतात. छापलेली सही भिंगाखाली बारीक ठिपक्यांची दिसते. रबरी शिक्क्याची सही सर्वत्र सारख्याच दाबाची असते. खऱ्या सहीत लेखणी कोठे टेकली, कोठे उचलली, हे कागदावर उमटते.

नारळीकरांच्या व्याख्यानानंतर मुलांचा घोळका वह्या पुढे करून स्वाक्षरी मागत असे. अशा वेळी ते मुलांना निराळाच मार्ग सुचवीत. विज्ञानातला एखादा प्रश्न पोस्टकार्डावर लिहून पाठवा, मी उत्तर लिहीन आणि त्याखाली सही करीन, असे ते सांगत. प्रश्न पडल्यावाचून सही नाही! अनेक मुलांनी कार्डे धाडली आणि त्यांना उत्तरे गेली. २० मे २०२५ रोजी पुण्यात नारळीकरांचे निधन झाले. त्यांनी धाडलेली कार्डे कोणत्याही प्रकाशकाच्या यादीत नाहीत आणि त्यांना दुसरी आवृत्ती नाही. ज्यांना ती गेली, ती मुले आता मोठी झाली आहेत. एका बाजूस पत्ता, दुसऱ्या बाजूस एका शास्त्रज्ञाने मुलाला लिहिलेल्या चार ओळी आणि खाली सही, असे ते कार्ड जुन्या वह्यापुस्तकांत दडलेले असते, आणि घर झाडताना त्या वह्यांबरोबरच ते गोणीत जाते.