कृष्णाकाठच्या पेटीतले सिम

सांगली जिल्ह्यातल्या वाळवा तालुक्यात, ईश्वरपूर (पूर्वीचे इस्लामपूर) परिसरातल्या ऊसशेतीचा मोठा भाग उपशाच्या पाण्यावर उभा आहे. कृष्णेच्या काठी जॅकवेल (उपशाची विहीर), तिथे मोटार, तिथून जमिनीखालून पाइपलाइन, आणि पाणी पडते ते कित्येकदा दूरच्या रानात. शेतीपंपाला थ्री फेज वीज ठरलेल्या तासांपुरती आणि पाळीने मिळते. पाळी रात्रीची असली की मोटार चालू करायला रात्रीच नदीवर जावे लागे. साप, बिबट्या आणि पावसाळ्यातला निसरडा काठ यांतून सुटका करण्यासाठी मोटारीच्या पेटीत एक छोटे यंत्र येऊन बसले, ते म्हणजे मोबाइल स्टार्टर. त्याला फोन लावायचा, आकडा दाबायचा, की मोटार सुरू. लाइट गेली किंवा फेज तुटला तर यंत्रच उलट कळवते. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांनी घडवलेले ‘नॅनो गणेश’ हे या जातीतले ठळक यंत्र. २००९ साली नोकियाच्या स्पर्धेत त्याला पारितोषिक मिळाले. त्याच तत्त्वावरचे स्टार्टर आज गावोगावच्या दुकानांत मिळतात. या यंत्राचा सगळा कारभार त्याच्या पोटातल्या एका सिमवर चालतो, आणि खरेदीच्या वेळी सर्वांत कमी विचार त्या सिमचाच होतो.

सिमवर चालणारे दुसरे एक यंत्र याच जिल्ह्यातून दर द्राक्षहंगामात बाहेर पडते. तासगाव, पलूस, मिरज या पट्ट्यातली निर्यातीची द्राक्षे शीतकंटेनरमधून न्हावा शेवा बंदरात आणि तिथून युरोपात जातात. मोठ्या जहाज कंपन्यांच्या अशा कंटेनरमध्ये आता सिम असते. आतले तापमान, दमटपणा, वीजपुरवठा आणि कंटेनरचे ठिकाण ते दूरच्या सर्व्हरला कळवत राहते. मर्स्क या डॅनिश कंपनीने २०१७ पासून ही माहिती माल पाठवणाऱ्यांनाही पाहायला खुली केली. भर समुद्रात मोबाइलचा टॉवर नसतो, म्हणून जहाजावरच छोटे नेटवर्क उभारून ते उपग्रहाला जोडतात आणि कंटेनरमधले सिम तिथे नोंदले जाते. एक यंत्र जन्मभर एका जॅकवेलपाशी उभे, दुसरे महिन्याभरात अनेक देशांच्या हद्दी ओलांडणारे. दोघांना एकच सिम चालणार नाही हे उघड आहे. तरीही बाजारात चर्चा होते ती कार्डाच्या आकाराची, चिप नवी की जुनी याची आणि महिन्याच्या रिचार्जची. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असायला हवा. या यंत्राचे नेटवर्क उद्या बदलावे लागले, तर ते बदलण्याचा अधिकार कोणाच्या हातात असेल?

सिम म्हणजे नंबर साठवणारी पट्टी, असा समज आहे. प्रत्यक्षात तो एक स्वतंत्र, चिमुकला संगणक आहे. त्यात पंधरा अंकांची ग्राहक-ओळख असते. तिचे पहिले तीन अंक देश सांगतात आणि भारतासाठी ते ४०४ किंवा ४०५ असतात. शिवाय एक गुप्त किल्ली असते. यंत्र टॉवरच्या कक्षेत आले की नेटवर्क कोणतीतरी एक संख्या पाठवते, सिम त्या संख्येवर किल्लीने गणित करून उत्तर देते, आणि उत्तर जुळले की प्रवेश मिळतो. किल्ली स्वतः कार्डाबाहेर पडत नाही. म्युनिकच्या गिझेके अँड डेव्रियंट कंपनीने १९९१ मध्ये फिनलंडच्या रेडिओलिन्या कंपनीला पहिली ३०० सिमकार्डे पुरवली, तेव्हा सिम एटीएम कार्डाएवढे होते. पुढे मिनी, मायक्रो, नॅनो असे नुसते प्लास्टिक कापत गेले. यंत्रांसाठी ६ बाय ५ मिलिमीटरची चिप आली, ती बोर्डावर डाग देऊनच बसवतात. आता आयसिममध्ये तर वेगळी चिपही उरली नाही. मुख्य प्रोसेसरच्याच एका सुरक्षित कप्प्यात सिमचे काम चालते. किल्ली आणि तिचे गणित, ही मूळ रीत मात्र या सगळ्या प्रवासात टिकून आहे. म्हणून आकाराचा वाद मला दुय्यम वाटतो.

खोबणीत सरकवायचे प्लास्टिकचे कार्ड जुने झाले म्हणून टाकाऊ ठरवण्याची घाई होते आहे. नदीकाठच्या पेटीत त्याचे तोटे खरे आहेत. दमट हवेने त्याचे संपर्कबिंदू गंजतात, मोटारीच्या हादऱ्याने ते हलते, आणि पेटी फोडणारा चोर ते खिशात घालून जाऊ शकतो. पण कृष्णेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांचा विचार करून पाहा. पेटीच पुराच्या पाण्याखाली गेली तर यंत्राचा बोर्ड जातो. कार्ड मात्र काढून, पुसून, नव्या स्टार्टरमध्ये घालता येते आणि नंबर तोच राहतो. डाग दिलेल्या चिपची ओळख बोर्डाबरोबरच जाते, मग नवे प्रोफाइल, म्हणजे ओळख आणि किल्ली यांचा नवा संच, मिळवण्यासाठी कंपनीच्या दारात उभे राहावे लागते. एका कंपनीची रेंज गेली तर दुसरे कार्ड घालायला शेतकऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही. दूरसंचार विभागाने २०१८ पासून यंत्रांच्या जोडण्यांसाठी १३ अंकी क्रमांक आणि ठरावीक क्रमांकांपुरताच संपर्क अशी व्यवस्था आणली. फोन लावून चालवायच्या स्टार्टरमध्ये मात्र साधे दहा अंकी सिम टाकण्याची पद्धत रुजलेली आहे, आणि तिचे कारण याच मोकळेपणात आहे.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण विक्रेते ती सांगत नाहीत. सिम बदलता आले तरी टॉवरशी बोलणारा यंत्रातला मोडेम बदलत नाही. स्वस्तातले अनेक स्टार्टर टू-जी मोडेमवर चालतात. जिओकडे टू-जी नेटवर्क कधी नव्हतेच, त्यामुळे अशा यंत्रात जिओचे सिम कोणत्याही आकाराचे घाला, ते चालणार नाही. अमेरिकेतल्या एटी अँड टी कंपनीने टू-जी सेवा २०१७ च्या सुरुवातीला बंद केली, सिंगापूरनेही त्याच वर्षी. आपल्याकडे ती अजून सुरू आहे. ज्या दिवशी ती बंद होईल त्या दिवशी दुरून बदलता येणारे सर्वांत आधुनिक ईसिमसुद्धा टू-जी मोडेमला वाचवू शकणार नाही.

कंटेनरची गोष्ट निराळी. त्याच्यासाठी रोमिंग सिम हा सोपा मार्ग आहे: एकाच देशाचे किंवा ९०१ या आंतरराष्ट्रीय मालिकेतले सिम घ्यायचे आणि करारांच्या बळावर ते जगभर चालवायचे. या मार्गाची एक बाजू आपल्याला विचार करायला लावते. परदेशी रोमिंग सिम आपल्या भूमीवर आले की करार असतील त्या प्रत्येक कंपनीचा टॉवर ते वापरू शकते; एकाची रेंज नसली तर दुसऱ्यावर जाते. आपले देशी सिम एरवी स्वतःच्याच कंपनीला बांधलेले असते. म्हणजे नदीकाठच्या खोलगट जागी जे स्वातंत्र्य परदेशी सिमला मिळते, ते वाळव्याच्या शेतकऱ्याच्या सिमला मिळत नाही. मग रोमिंग सिमच सगळीकडे का वापरू नये, असा आक्षेप कोणी घेईल. उत्तर कायद्यात आहे. रोमिंग ही पाहुण्याची सोय आहे. कायमचे बिऱ्हाड केलेल्या यंत्रांना ती देण्यास ब्राझील, तुर्कस्तान यांसारखे देश तयार नाहीत. आपल्या दूरसंचार नियामक ट्रायनेही मार्च २०२४ च्या शिफारशींत म्हटले की, आयात यंत्रातल्या ईसिमवर रोमिंग सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत किंवा मालकी बदलताच, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, भारतीय कंपनीचे प्रोफाइल चढवले पाहिजे. ९०१ मालिका भारतीय संस्थांना यंत्रसेवेसाठी तूर्त देऊ नये, असेही त्या शिफारशींत आहे. सुरक्षेच्या आणि तपासाच्या दृष्टीने ही भूमिका मला योग्य वाटते. येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरला रोमिंग पुरते. इथेच राहणाऱ्या यंत्राने त्यावर विसंबू नये.

राहिले ईसिम. चिप तीच ठेवून तिच्यातले प्रोफाइल दुरून बदलायचे, ही त्याची किमया. पण ‘ईसिम आहे’ एवढ्याने काहीच ठरत नाही, कारण जीएसएमए या मोबाइल कंपन्यांच्या जागतिक संघटनेची त्यासाठी तीन वेगवेगळी मानके आहेत आणि त्या प्रत्येकात अधिकार वेगळ्याच हातात आहे. यंत्रांसाठीच्या पहिल्या मानकात, एसजीपी-०२ मध्ये, प्रोफाइल बदलाचा हुकूम कंपनीच्या सर्व्हरवरून एसएमएसने सुटतो. तो सर्व्हर चालवणारी व्यवस्था बदलायची तर जुन्या आणि नव्या कंपनीच्या यंत्रणा एकमेकींशी जोडाव्या लागतात, आणि जाणाऱ्या ग्राहकासाठी जुनी कंपनी ती खटपट कशाला करील? फोन-घड्याळांसाठीचे एसजीपी-२२ मानक अधिकार वापरणाऱ्याला देते. क्यूआर कोड स्कॅन करायचा, मान्यता द्यायची. पण जॅकवेलवरच्या पेटीला ना पडदा, ना कॅमेरा. मे २०२३ मध्ये आलेल्या एसजीपी-३२ ने ही कोंडी फोडली. हजारो यंत्रांची प्रोफाइले सांभाळणारे एक व्यवस्थापन-केंद्र त्यात असते, ते यंत्रांचा मालक स्वतः निवडू शकतो आणि पुढे बदलूही शकतो. एसएमएसची सक्ती नाही, म्हणून बॅटरीवर चालणाऱ्या अशक्त यंत्रांनाही ते झेपते. देशोदेशी यंत्रे विकणाऱ्या उद्योजकाने आज यापलीकडे पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

यावर दुसरा आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. शेतकऱ्याला प्रोफाइल, किल्ली, मानके यांच्याशी काय करायचे? ते काम यंत्र बनवणाऱ्या कंपनीवर सोडावे. काम सोडायला हरकत नाही. अधिकार सोडण्याला आहे. उपसा योजनेची मोटार पाटकरी चालवतो, पण पाइपलाइन सभासदांची असते. सौर कृषी पंपांकडे पाहिले की हा भेद नेमका कळतो. पीएम-कुसुम योजनेतल्या पंपांना दूरनिरीक्षण यंत्रणा सक्तीची आहे; पंप किती चालला, किती वीज निर्माण झाली, ही माहिती पंपाच्या पेटीतल्या सिममधून सर्व्हरकडे जाते. महाराष्ट्रातल्या योजनेत पाच वर्षांची देखभाल पुरवठादाराकडे आहे. सौर पॅनेल मात्र वीस-पंचवीस वर्षे वीज देतात. सहाव्या वर्षी त्या सिमचे पैसे कोण भरणार, आणि पुरवठादाराचे दुकान बंद झाले तर प्रोफाइल बदलण्याचा अधिकार कोणाकडून मागायचा, हे आधी ठरलेले असले पाहिजे.

तेव्हा वाळवा तालुक्यातल्या शेतकऱ्यांना, पाणीपुरवठा संस्थांना आणि सहकारी कारखान्यांच्या शेती खात्यांना विनंती आहे. एका जागी उभ्या राहणाऱ्या स्टार्टरसाठी आज तरी काढता येणारे कार्ड आणि फोर-जी मोडेमच घ्या. सिम पक्के बसवलेले यंत्र घ्यावेच लागले, तर पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी पावतीवर लिहून घ्या: मोडेम कोणत्या नेटवर्कचा, सिम कोणाच्या नावावर, आणि देखभालीची मुदत संपल्यावर प्रोफाइल बदलण्याचा अधिकार कोणाचा.