बंद केले, हे कळावे कसे?

१९२० साली ‘मूकनायक’ निघाले तेव्हा ‘केसरी’ने पैसे देऊनही त्याची जाहिरात छापली नाही. तो नकार निदान उघड होता. आज एखादे संकेतस्थळ उघडत नाही तेव्हा मोबाइलवर नुसते चाक फिरते आणि आपण म्हणतो, रेंज नसेल. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-ए खाली केंद्र सरकार संकेतस्थळ बंद करवू शकते, आणि २००९ च्या नियमांतला सोळावा नियम ही कार्यवाही गुप्त ठेवायला सांगतो.

ही गुप्तता लोकांनीच फोडावी, म्हणून २०१२ साली ‘ऊनी’ हा प्रकल्प सुरू झाला. त्याचे अॅप आपल्या मोबाइलवरून यादीतला एकेक पत्ता उघडून पाहते आणि तोच पत्ता दुसरीकडच्या, अडथळा नसलेल्या जाळ्यावरून कसा उघडतो याच्याशी ताडते. पत्त्याचा आकडा खोटा दिला गेला, जोडणी मध्येच तोडली, की भलतेच पान पुढे केले, हे त्यातून दिसते. तारीख, देश आणि कंपनीसह निकाल सर्वांसाठी खुला होतो. एका मोबाइलवरचे अपयश म्हणजे पुरावा नव्हे. वायरही तुटलेली असू शकते. अनेकांच्या नोंदी जुळल्या की मात्र संशयाला आधार मिळतो. आपल्याकडे सगळ्या कंपन्या सारखीच संकेतस्थळे अडवत नाहीत, असे बंगळुरूच्या ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’च्या संशोधकांनी २०२० साली दाखवले. म्हणजे एकाच गल्लीतल्या दोघांचे इंटरनेट वेगळे!

पण यादी कोण करतो? टोरांटोच्या ‘सिटिझन लॅब’च्या या यादीत कोणालाही पत्ता सुचवता येतो. सुचवणारे बहुधा शहरी, इंग्रजी वाचणारे असतील, असा माझा अंदाज आहे. आंबेडकरी संकेतस्थळ यादीतच नसेल, तर ते बंद झाल्याचे हे साधन आपणहून सांगणार नाही. एखादीच पोस्ट किंवा खाते दडपले, तर तेही या चाचणीला दिसत नाही.

पूर्ण इंटरनेट बंद झाले, तर नोंद बाहेर जाणार तरी कशी? मे २०१७ मध्ये सहारनपुरात दलितांवरील हल्ल्यांनंतर मोबाइल इंटरनेट बंद झाले. अॅट्रॉसिटी कायद्यासाठी पुकारलेल्या २ एप्रिल २०१८ च्या भारत बंदला पंजाबात तेच झाले. अशा बंदीची नोंद केंद्राकडे ठेवलीच जात नाही, असे २०२१ साली संसदीय समितीने म्हटले. ती ठेवतात ‘एसएफएलसी’सारख्या संस्था, बातम्या आणि लोकांनी कळवलेल्या माहितीवरून. जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध करायला सांगितले आहे. कार्यकर्त्यांनी आदेशाची प्रत मागावी, ती मिळाली नाही तर तेही तारखेनिशी लिहून ठेवावे.

एक सावधगिरी. चाचणी चालू असताना आपण कोणते पत्ते उघडतो, हे कंपनीला दिसू शकते. विद्यार्थ्याच्या मोबाइलवर अॅप घालण्याआधी त्याला हे सांगायला हवे, आणि तो नको म्हणाला तर आग्रह धरू नये.