होडीवरील यूएसबी सॉकेट : सोय आणि सावधगिरी

आपल्या पूर्वजांचे गलबत नवगावच्या किनाऱ्यानजीक फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, ही परंपरागत कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. समुद्राची ही आठवण बाळगणाऱ्या आपल्या समाजातील जी कुटुंबे येथे अमेरिकेत लहान होडी बाळगून आहेत, त्यांनी एका किरकोळ वाटणाऱ्या कामाकडे लक्ष द्यावे. ते काम म्हणजे फोन चार्ज करण्यासाठी होडीवर यूएसबी सॉकेट बसविणे.

होडीची बॅटरी बहुधा १२ व्होल्टची असते; साधे सॉकेट तो दाब ५ व्होल्टवर आणते. २ अँपिअरप्रमाणे ही वीज अवघी १० वॅट होते. परंतु खरा धोका वायरीत आहे. वायर शॉर्ट झाल्यास ती पेटू शकते. यास्तव धन वायरीवर, बॅटरीच्या शक्य तितक्या जवळ, फ्यूज घालावा. वायर कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची घ्यावी. खाऱ्या हवेत साधे तांबे लवकर खराब होते. रिकामे सॉकेटही थोडी वीज खात राहते. म्हणून स्वतंत्र स्विच हवा. नाहीतर इंजिन सुरू करण्यापुरतीही वीज एखादे दिवशी उरणार नाही. पेट्रोलच्या टाकीजवळ सॉकेट मुळीच बसवू नये.

हलक्या प्रतीच्या सॉकेटमुळे व्हीएचएफ रेडिओत खरखर येऊ शकते. ते चालू-बंद करून रेडिओ ऐकून पाहावा. किनारा दूर गेला की फोन मुका होतो. संकटसमयी हाक मारावयाची ती चॅनल १६ वर; तेथे कोस्ट गार्ड कान देऊन असते. फोन अवश्य चार्ज करावा, पण प्राणाचा भरवसा रेडिओवर ठेवावा.