बोटांनी पाहायचा तलाव

भंडारा जिल्ह्यातल्या मुलांना ‘तलाव’ हा शब्द वेगळा शिकवावा लागत नाही. कोहळी समाजाने बांधलेले जुने मालगुजारी तलाव आणि शेतातल्या लहान बोड्या त्यांच्या रोजच्या पाहण्यातल्या असतात. पण जन्मापासून न दिसणाऱ्या मुलाचे काय? तो पाळीवर चढलेला असतो, पाण्यात पाय बुडवून बसलेला असतो. तरी पाण्याचा पसारा केवढा, पाळ कोणत्या बाजूला, सांडवा कुठे आणि पाट कुठून निघतो, हे त्याच्या हाताला एकत्र कधी लागलेले नसते. ‘तलाव म्हणजे पाण्याचा साठा’ हे वाक्य तो पाठ म्हणतो, गुणही मिळवतो, आणि त्याला तलाव समजला असे आपण धरून चालतो.

नजरेला अख्खा आकार एकदम दिसतो. स्पर्शाला तो तुकड्यातुकड्यांनी मिळतो आणि ते तुकडे स्मरणात जोडावे लागतात. हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आपण हौसेने सांगतो, पण आमच्या मते ती आंधळ्यांवर अन्याय करते. गोष्टीतला प्रत्येक जण एकाच जागी हात ठेवून थांबतो. भिंतीच्या भोकातून हत्ती पाहणाऱ्या डोळसाचीही तीच गत होईल. खरा अंध माणूस हत्तीभोवती फिरेल.

स्पर्शात हालचालीला किती महत्त्व आहे ते वर्गात करून पाहा. डोळे मिटून पॉलिश पेपरवर बोट नुसते टेकवा. तो किती खरखरीत आहे हे नीट सांगता येत नाही. बोट फिरवले की लगेच कळते. सुझन लेडरमन आणि रोबर्टा क्लाट्झकी यांनी 1987 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत डोळे बांधलेल्या माणसांच्या हातांच्या हालचालींचा अभ्यास केला. पोत जाणण्यासाठी हात घासतो, कठीणपणासाठी दाबतो, वजनासाठी वस्तू उचलून तोलतो, आकारासाठी तिला मुठीत घेतो किंवा कडेने बोट फिरवतो. फक्त गार-गरम कळायला हात स्थिर लागतो. म्हणून अंध मुलाचे बोट धरून ते प्रतिकृतीवर ठेवणे ही मदत नव्हे. त्याचा हात त्याला फिरवू द्यावा. हवे तर त्याने आपल्या हातावर हात ठेवावा.

बोटाच्या टोकाला दोन टोचण्या वेगळ्या कळायला त्यांच्यात साधारण 2 ते 3 मिलिमीटर अंतर लागते. ब्रेलचे ठिपके सुमारे 2.5 मिलिमीटर अंतरावर असतात, ते उगीच नव्हे. प्रतिकृतीतही यापेक्षा बारीक नक्षी डोळ्यांना छान दिसते, पण बोटांना तिचा नुसता गोंधळ होतो.

आता तलाव करू. एका मोठ्या परातीत चिकणमातीचा उतार करा. खालच्या बाजूला आडवी पाळ, पाळीच्या एका टोकाला थोडा सखल सांडवा, पाळीतून आरपार एक नळी, आणि तिच्यापुढे धानाच्या दोन-चार बांध्या. मुलाचा हात आत असतानाच पाणी ओता. पाणी चढताना, पसरताना आणि सांडव्यावरून निसटताना त्याला लागेल. नळीचे बूच त्यालाच काढू द्या. पण त्याआधी त्याला खऱ्या पाळीवरून चालवा आणि पावले मोजायला सांगा. नाहीतर तलाव परातीएवढाच असतो अशी समजूत होण्याचा धोका खरा आहे. मुंगी आणि हत्ती यांच्या एकाच मापाच्या प्रतिकृती शेजारी ठेवणाऱ्या शिक्षकाने हे विशेष लक्षात घ्यावे.

जी वस्तू हातात मावते तिची प्रतिकृती करूच नये. गेरात व्हर्मे हे तीन वर्षांचे असताना पूर्ण अंध झाले. शाळेत शिक्षिकेने आणलेले समुद्री शिंपले त्यांनी हाताळले आणि पुढे ते शंखशिंपल्यांचे नामवंत अभ्यासक झाले. खेकड्यांनी मोडलेल्या आणि पुन्हा सांधल्या गेलेल्या शंखांवरच्या खुणा ते बोटांनी वाचत. भक्षक आणि भक्ष्य यांच्यातील कोट्यवधी वर्षांच्या चढाओढीचा पुरावा त्यांनी अशा खुणांतून मांडला.

आपल्याकडे शिंपल्यांऐवजी धान आहे. मुळांसकट एक रोप आणि एक लोंबी सगळ्याच मुलांच्या हाती द्या, डोळे मिटून. पात्याच्या काठावरून बोट बुडख्याकडून शेंड्याकडे हलकेच फिरवायला सांगा, मग उलट. उलट फिरवताना खरखर लागते, कारण काठावरच्या सिलिकायुक्त सूक्ष्म काट्यांची टोके शेंड्याकडे वळलेली असतात. जोर मात्र लावू देऊ नका, पाते कापते.